घरशिक्षणाचा दिवस कसा आखावा आणि मुले शिकत आहेत हे कशावरून ओळखावे?

प्रश्न : अंकुरआई

नमस्कार. आमची मोठी मुलगी ९ वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा ६ वर्षांचा. दोघांनाही आम्ही गेल्या वर्षापासून घरीच शिकवतो. हा निर्णय आम्ही नवरा-बायकोने पुरेसा विचार करून घेतला आहे, तेव्हा तो बरोबर की चूक या चर्चेत मला शिरायचे नाही. माझे प्रश्न रोजच्या दिवसाचे आहेत, आणि ज्यांच्या घरात हे प्रत्यक्ष चालू आहे किंवा होऊन गेले आहे त्यांच्याकडून उत्तरे मिळावीत अशी इच्छा आहे.

सध्या सकाळी ९ ते १ ही आमची अभ्यासाची वेळ आहे आणि तिचे शाळेप्रमाणेच विषयवार तास पाडलेले आहेत. गणिताला पाऊण तास ठेवला आहे, पण मुलीचे गणित बहुतेक वेळा वीस मिनिटांत आटोपते आणि उरलेल्या वेळात आणखी उदाहरणे दिली की तिचा उत्साह मावळतो. मुलगा आता अक्षरे जुळवून वाचू लागला आहे. शेजारी बसल्याशिवाय त्याचे वाचन पुढे सरकत नाही, आणि मी त्याच्याजवळ बसले की मुलगी जिथे अडली असेल तिथेच थांबून राहते. तिच्याकडे वळावे तर तो उठून निघून जातो. साडेअकरानंतर तिघांचीही ओढाताण होते.

दुपारी मात्र चित्र अगदी वेगळे असते. मागच्या आठवड्यात मुलीने एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढायला घेतला. त्यात दिशा होत्या, डोंगरातून निघून समुद्राला मिळणाऱ्या नद्या होत्या, बंदर होते आणि बंदरापासून डोंगरापर्यंत जाणारा रस्ता होता. नदी डोंगर चढून जाऊ शकत नाही हे लक्षात आल्यावर तिने एक नदी खोडून पुन्हा काढली. हे तिला कोणी सांगितले नव्हते. आता याची नोंद अभ्यास म्हणून करावी की खेळ म्हणून, हे मला ठरवता येत नाही.

या वयाच्या मुलांना दिवसाकाठी किती तास बसून केलेला अभ्यास पुरेसा असतो? दोन वेगळ्या वयांची मुले एकाच वेळी कशी सांभाळावीत? आणि परीक्षा नसताना मूल खरोखर शिकते आहे, समजल्यासारखी नुसती मान डोलावत नाही, हे कशावरून ओळखावे? हा शेवटचा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात, पण त्यांच्यापेक्षा तो मला स्वतःसाठी अधिक महत्त्वाचा वाटतो.


उत्तर : पाटीपेन्सिल

आमची दोन्ही मुले घरीच शिकून आता मोठी झाली आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नाविषयी मला काही खात्रीने सांगता येईल. ६ वर्षांच्या मुलाला बसून करायचा अभ्यास दिवसाला तासभर पुरतो, आणि तोही एका बैठकीत नव्हे. ९ वर्षांच्या मुलीला दोन तास, फार तर अडीच. सकाळी ९ ते १ हा वेळ तुम्ही शाळेवरून घेतला आहे. शाळेचा तास मोठा असतो, कारण त्यात हजेरी असते, फळ्यावरचे उतरवून घेणे असते, तीस-चाळीस मुलांना एकाच वेळी एकाच ठिकाणी आणणे असते. घरी यांतले काहीच नसते. मुलाने प्रश्न विचारला की त्याच क्षणी उत्तर मिळते आणि त्याला समजले की लगेच पुढे जाता येते.

एकास एक शिकवण्याचा परिणाम मोठा असतो, हे शिक्षणशास्त्रात फार पूर्वीच नोंदवले गेले आहे. शिकागो विद्यापीठातील बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असे मांडले की, स्वतंत्र शिक्षक मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे गेला होता. नंतरच्या अभ्यासांत हा फरक इतका मोठा आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे, पण फरक असतो याविषयी दुमत नाही. तुमच्या मुलीचे गणित वीस मिनिटांत आटोपते यात नवल वाटण्यासारखे काही नाही. ते आटोपले की थांबावे. लवकर आणि नीट केल्याबद्दल आणखी उदाहरणे मिळणार असतील, तर सावकाश काम करणे हेच शहाणपणाचे आहे असे मूल फार लवकर शिकते.

इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांचा आठ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आग्रह असे की एक पाठ वीस मिनिटांहून मोठा नसावा, आणि एका पाठानंतर वेगळ्या प्रकारचा पाठ यावा, म्हणजे वाचनानंतर आकडेमोड, आकडेमोडीनंतर चित्र किंवा गाणे. त्यांच्या इतर अनेक मतांशी माझे जुळत नाही, पण हे मत मात्र आमच्या घरात पूर्णपणे खरे ठरले. मुलाला माहीत असते की हे काम थोडाच वेळ आहे, आणि म्हणून तेवढा वेळ तो मन लावून बसतो.

माझी सूचना अशी की घड्याळाचे तास काढून टाकावेत आणि कामांचा क्रम तेवढा ठेवावा. उठल्यावर काय, त्यानंतर काय, कोणते काम झाल्यावर बाहेर जायचे, हे रोज सारखे असले म्हणजे मुलांना दर वेळी सांगावे लागत नाही, आणि एखादे काम लवकर संपले किंवा लांबले तरी सगळा दिवस कोलमडत नाही. गणित आणि वाचन हे विषय सकाळी, मन ताजे असताना घ्यावेत. बाकीचे विषय रोज घेण्याची गरज नाही.

नकाशाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या सगळ्या लेखनात मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटला. तो अभ्यासच आहे, आणि तुम्ही त्याला अगदी हलका हात लावला तर तो आणखी खोल जाईल. तिला एवढेच विचारा की हे बेट केवढे आहे. बंदरापासून डोंगरापर्यंत चालत जायला किती वेळ लागेल? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर तिला प्रमाण ठरवावे लागेल. समजा, तिने १ सेंटिमीटर म्हणजे २ किलोमीटर असे धरले. वळणावळणाचा रस्ता पट्टीने मोजता येत नाही हे तिच्या लक्षात येईल, तेव्हा तिला दोरा द्यावा. दोरा रस्त्यावरून फिरवून, सरळ करून पट्टीवर ठेवला आणि तो १७ सेंटिमीटर भरला, तर रस्ता ३४ किलोमीटरचा झाला. माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो, म्हणजे जवळजवळ ७ तास. मग वाटेत मुक्कामाची जागा हवी का, हा प्रश्न ती स्वतःच काढेल. गुणाकार, भागाकार, मोजमाप आणि भूगोल एका कागदावर आले आणि कशासाठी शिकायचे हे तिला कोणी समजावून सांगावे लागले नाही. फक्त एक पथ्य पाळावे. तिला या प्रश्नात रस नसेल तर तो तिथेच सोडून द्यावा, कारण मुलाच्या प्रत्येक खेळात मोठ्यांनी धडा घुसवला की मूल आपला खेळ लपवायला लागते.


उत्तर : जुनाखडू

मी बरीच वर्षे शाळेत गणित शिकवले आणि आता घरी शिकणाऱ्या काही मुलांना मदत करतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

मूल शिकते आहे हे ओळखण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे त्याचे चुकलेले उत्तर. वर्गात मला चुकीचे उत्तर दिसे ते वह्या तपासताना, म्हणजे मूल समोर नसताना. घरात तुम्ही शेजारी बसलेल्या असता आणि ही सोय फार मोठी आहे. एक नेहमीचे उदाहरण घ्या. ५२ मधून ३८ वजा करायचे आहेत आणि मूल २६ असे उत्तर लिहिते. हे निष्काळजीपणाने आलेले उत्तर नाही. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून मुलाने आठातून दोन वजा करून सहा लिहिले, आणि पाचातून तीन वजा करून दोन. त्याने स्वतःसाठी एक नियम तयार केला आहे की प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, आणि हा नियम तो प्रत्येक उदाहरणात प्रामाणिकपणे पाळतो आहे. अशा वेळी त्याला हातच्याची आणखी वीस उदाहरणे दिली तर तो तीच चूक वीस वेळा पक्की करील.

त्याऐवजी शांतपणे विचारावे, “हे कसे केलेस ते मला सांगशील?” आवाजात नाराजी असता कामा नये. मूल सांगू लागले की त्याचा नियम बाहेर येतो. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून त्याला ३८ काड्या द्यायला सांगावे. सुट्या आठ काड्या द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या काड्या झाल्या, त्यांतून तीन गठ्ठे आणि आठ काड्या दिल्या, उरल्या १४. शेवटी १४ आणि ३८ मिळवून ५२ होतात का हे त्याला स्वतः पडताळू द्यावे. ही पडताळणी मुलाच्या हाती आली की उत्तर बरोबर आहे की नाही हे विचारण्यासाठी त्याला तुमच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, आणि घरशिक्षणात मला हीच प्रगती सर्वांत महत्त्वाची वाटते.

मान डोलावण्याविषयी तुम्ही लिहिले आहे, ती शंका रास्त आहे. “समजले का?” या प्रश्नाला मुले होच म्हणतात. तो प्रश्न विचारूच नये. वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि मुलाला जे आठवते ते त्याच्या शब्दांत सांगायला लावावे. पाटीपेन्सिल यांनी ज्यांचा उल्लेख केला त्या मेसनबाईंच्या पद्धतीचा हाच गाभा होता, आणि पुढे मानसशास्त्रातही याला आधार मिळाला. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. आठवण्याचा प्रयत्न करणे हेच शिकणे असते. त्यामुळे मुलगी सांगताना अडखळली तर लगेच मदतीला धावू नये. थोडा वेळ जाऊ द्यावा.

हे सांगणे दिवसातून एकदाच असावे आणि ऐकणाऱ्याने मध्ये दुरुस्त्या करू नयेत. काय सुटले ते मनात ठेवावे आणि दोन-तीन दिवसांनी त्याच विषयाकडे वळावे. माणूस विसरतो किती आणि कसे, याची मोजमापे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच प्रसिद्ध केली होती. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि मग मंदावतो. म्हणून मधल्या काळात थोडे अंतर सोडून केलेली उजळणी, एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते.

नोंदींविषयी थोडक्यात. रोज रात्री प्रत्येक मुलासाठी दोन ओळी लिहाव्यात. आज काय जमले आणि कुठे अडले, इतकेच. महिन्यातून एकदा लेखनाचा एक नमुना, एक चित्र आणि गणिताचे एक पान तारीख घालून बाजूला ठेवावे. सहा महिन्यांनी ती पाने शेजारी ठेवली की नातेवाइकांच्या प्रश्नाला वेगळे उत्तर द्यावे लागत नाही. घरशिक्षणाचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत. काही ठिकाणी नुसती माहिती कळवणे पुरते, काही ठिकाणी ठरावीक काळाने मूल्यमापन होते, फ्रान्समध्ये २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते, आणि जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचेच आहे. आपण राहतो तिथे काय लागते ते तपासून त्यानुसार नोंदी ठेवल्या म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही.


उत्तर : आकाशवही

आमच्याकडेही तीन वर्षांचे अंतर असलेली दोन मुले आहेत, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. अंकुरआई, तुमची ओढाताण होते ती प्रत्येक विषय दोनदा शिकवल्यामुळे, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. माझ्या मते वाचन-लेखन आणि गणित एवढेच विषय वेगवेगळे शिकवावे लागतात. बाकी सर्व, म्हणजे गोष्टी, इतिहास, निसर्ग, विज्ञान, चित्रकला आणि संगीत, दोघांना एकत्र देता येते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले, आणि त्यांच्या पद्धतीच्या शाळांत आजही साधारण तीन-तीन वर्षांच्या अंतराची मुले एकाच खोलीत शिकतात. तुमच्या घरात ती परिस्थिती आपोआप तयार झालेली आहे.

एकत्र शिकताना विषय एक असावा आणि प्रत्येकाकडून अपेक्षा त्याच्या वयाची असावी. आम्ही चंद्राची वही केली होती, तिचे उदाहरण देते. सुरुवात अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी, सूर्यास्तानंतर लगेच करावी, कारण तेव्हा पश्चिमेला बारीक कोर दिसते आणि मुले जागी असतात. रोज त्याच वेळी, त्याच जागी उभे राहून पाहायचे. धाकट्याने फक्त आकार काढायचा आणि उजेडाची बाजू कोणती ते रंगवायचे. मोठीने समोरच्या घरांची आणि झाडांची रेघ कागदावर काढून घ्यायची आणि चंद्र त्या रेघेवर कुठे होता ते रोज टिपायचे. चार-पाच दिवसांतच तिला दिसते की त्याच वेळेला पाहिले तरी चंद्र दर दिवशी पूर्वेकडे सरकलेला असतो. पौर्णिमेला सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवताना दिसतो. त्यानंतर उगवायला उशीर होत जातो आणि तो मुलांच्या झोपेच्या वेळेपलीकडे जातो, म्हणून पाहणे सकाळवर न्यावे. वद्य पक्षातला चंद्र सकाळी पश्चिमेच्या बाजूला दिसतो. दिवसा चंद्र दिसू शकतो हे आमच्या धाकट्याला इतके नवे होते की पुढे कित्येक दिवस तो सकाळी उठल्याबरोबर आकाशाकडे पाहत असे.

इथे मोठ्या मुलाला गणिताचे काम मिळते. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. दिवसाची मिनिटे १४४०. त्यांना ३० ने भागले तर ४८ येतात. म्हणजे चंद्राला रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशीर व्हायला हवा, आणि प्रत्यक्षात सरासरी उशीर ५० मिनिटांच्या आसपास असतो. प्रत्येक दिवशी तो इतकाच असतो असे नाही, कारण ऋतू आणि ठिकाण यांप्रमाणे तो बराच कमी-जास्त होतो, आणि आपल्या वहीतले आकडे सरासरीशी का जुळत नाहीत हा प्रश्न ९ वर्षांच्या मुलीला बराच काळ पुरतो. या सगळ्यात धाकटा शेजारी बसून ऐकत असतो. त्यातले किती त्याला कळले हे विचारू नये. तीन वर्षांनी तो तिथे येईल तेव्हा त्याला ते अनोळखी वाटणार नाही.

राहिला प्रश्न वेगवेगळ्या अभ्यासाचा. आधी धाकट्याला द्यावे. त्याला पंधरा मिनिटे पूर्ण लक्ष मिळाले की नंतर तो बराच वेळ स्वतंत्र खेळतो. तेच लक्ष मिळण्याची वाट पाहत राहिला तर सारखा मध्ये येतो. त्या पंधरा मिनिटांसाठी मुलीकडे असे काम द्यावे ज्यात ती अडणार नाही: मनातले वाचन, पाठ झालेली आकडेमोड, अर्धवट राहिलेले चित्र. नवीन काही शिकायचे असेल तेव्हा तुम्ही तिच्याजवळ असावे. आणि एखादे उदाहरण अडले तर त्याच्यापुढे खूण करून पुढच्या उदाहरणाकडे जायची सवय तिला लावावी, म्हणजे तुमची वाट पाहण्यात तिची सकाळ जाणार नाही. धाकट्याला शिकवण्याचे काम मोठीवर कायमचे सोपवू नये, एवढे मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. अधूनमधून तिला हौसेने सांगावेसे वाटले तर वेगळी गोष्ट.


उत्तर : मुक्तपान

वरची उत्तरे विचारपूर्वक लिहिलेली आहेत, परंतु सर्वांनी एक गृहीत धरले आहे की सकाळचा अभ्यास मोठ्यांनीच ठरवायचा. आमच्या घरात आम्ही तसे करत नाही. अमेरिकेतील शिक्षक जॉन होल्ट (१९२३–१९८५) यांनी आधी शाळा सुधारण्याचा प्रयत्न केला, आणि त्यातून फारसे काही साधत नाही असे वाटल्यावर १९७७ पासून घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी एक नियतकालिक चालवले. अनस्कूलिंग या नावाने ओळखला जाणारा विचार त्यांच्यापासून रूढ झाला. मूल बोलायला शिकते ते कोणी शिकवल्यामुळे नव्हे, तर बोलणाऱ्या माणसांत वावरल्यामुळे, आणि इतर गोष्टीही ते तशीच शिकू शकते, असा त्या विचाराचा गाभा आहे.

तुमच्या दुपारा चांगल्या जातात आणि सकाळी ओढाताण होते, हे तुम्हीच लिहिले आहे. मग सकाळ दुरुस्त करण्याआधी काही आठवडे तरी दुपारसारखी सकाळ होऊ देऊन पाहावे, असे मला मनापासून वाटते. शाळेतून नुकत्याच बाहेर आलेल्या मुलांना असा रिकामा काळ लागतो. सुरुवातीला ती कंटाळतात आणि आपल्यालाही धास्ती वाटते, पण कंटाळ्याच्या पलीकडे त्यांचे स्वतःचे काम सुरू होते. मात्र यात पालकांनी हात बांधून बसायचे नसते. पुस्तके, हत्यारे, रंग, मोजमापाची साधने हाताशी ठेवणे, प्रश्नांना मनापासून उत्तरे देणे, आणि मुलांसमोर स्वतः काही शिकत राहणे, हे काम तास घेण्यापेक्षा कमी कष्टाचे नाही.


उत्तर : जुनाखडू

मुक्तपान यांच्या मताचा मला आदर आहे, आणि विज्ञान, इतिहास, चित्रकला यांबाबत मी त्यांच्याशी सहमत आहे. पण बोलणे आणि वाचणे यांत फरक आहे. बोलणे जवळपास प्रत्येक मूल ऐकून शिकते. लिपी मात्र माणसाने बनवलेली असल्यामुळे ती बहुतेकांना कोणीतरी दाखवावी लागते. काही मुले वाचायला आपणहून शिकतात, पण अनेकांना अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध पायरीपायरीने, रोज थोडा-थोडा, शिकवावा लागतो, आणि ज्यांना याची सर्वांत जास्त गरज असते तीच मुले तो कधी मागत नाहीत. अंकुरआईंचा मुलगा ६ वर्षांचा आहे आणि वाचू लागला आहे. त्याची रोजची पंधरा मिनिटे सोडू नयेत असे मला वाटते. बाकी दिवस मोकळा ठेवायला माझी हरकत नाही.


अंकुरआई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घड्याळाऐवजी क्रम ठेवणे आणि धाकट्याला आधी वेळ देणे या दोन गोष्टी आम्ही लगेच सुरू करत आहोत. मुक्तपान यांचे म्हणणेही मला पटते, मात्र वाचन आणि गणित मी रोजचे ठेवणार आहे. चंद्राच्या वहीचे नाव काढताच दोघांनी वह्या आणून ठेवल्या आहेत.

एक गोष्ट राहिली. मुलगी वाचलेले फार छान सांगते, बारकावे लक्षात ठेवते, शब्दही नेमके वापरते. पण तेच लिही म्हटले की दोन ओळींत संपवते आणि त्या ओळींत तिचे काहीच नसते. तिच्याकडून अधिक लेखन कसे करून घ्यावे?


उत्तर : आकाशवही

लिहिताना तिला तीन कामे एकाच वेळी करावी लागतात: काय सांगायचे ते जुळवणे, शब्द शुद्ध लिहिणे आणि हाताने अक्षर वळवणे. तिच्या मनाचा वेग हाताच्या कितीतरी पुढे आहे, म्हणून ती हाताला झेपेल इतकेच सांगते. काही महिने ही कामे वेगळी करावीत. तिने सांगावे आणि तुम्ही तिचे शब्द जसेच्या तसे, एकही न बदलता, लिहून घ्यावेत. मग ते तिलाच मोठ्याने वाचायला द्यावे. आमच्या मुलाने आपलीच गोष्ट अशी वाचली तेव्हा प्रत्येक वाक्य “आणि मग” ने सुरू होते हे त्याला स्वतःला ऐकू आले, आणि त्याने पेन्सिल घेऊन त्यांतले अर्धे खोडले. ती दुरुस्ती मी सांगितली असती तर तो रुसला असता.

दुसऱ्या दिवशी त्यातली तिला आवडलेली दोन-तीन वाक्ये तिने चांगल्या अक्षरात उतरवून काढावीत, दहा मिनिटांत जेवढे होईल तेवढेच. हळूहळू वाटून घ्यावे. पहिला परिच्छेद तिने लिहायचा आणि पुढचा तुम्ही. शब्द चुकले तर त्या पानावर लाल खुणा करू नयेत. वारंवार चुकणारे दोन-तीन शब्द वेगळे काढून ते दुसऱ्या वेळी घ्यावेत. आणि जमेल तेव्हा तिचे लेखन खरोखर कोणीतरी वाचेल असे असावे, म्हणजे पत्र, एखाद्या खेळाचे नियम, धाकट्या भावाला वाचता येईल अशी चार ओळींची गोष्ट.


उत्तर : जुनाखडू

वरच्या उत्तरात एकच भर घालतो. लिहिताना तिचा हात लवकर दुखतो का, पेन्सिल ती फार दाबून धरते का, कागदाच्या फार जवळ वाकते का आणि उतरवून काढताना ओळ चुकते का, हे काही दिवस तिला न सांगता पाहावे. यांपैकी काही सतत दिसत असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत. डोळे ठीक असूनही अडचण कायम राहिली, तर मुलांच्या लेखनाच्या अडचणी पाहणाऱ्या तज्ज्ञांकडे जावे, आणि तोपर्यंत सांगून लिहून घेणे चालूच ठेवावे.